पऱ्हाटी, तूस, जुनं प्लास्टिक आणि घरातला बोर्ड : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात शेतातला टाकाऊ माल (पऱ्हाटी म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेली वाळकी झाडं, तूस म्हणजे भाताच्या दाण्याचं टरफल) आणि भंगारातलं प्लास्टिक मिळून जे बोर्ड बनतात त्याबद्दल या पानावर थोडंसंच लिहिलं होतं, जागाच तेवढी होती, पण त्यावर इतके मेल आणि मेसेज आलेत की यावेळी सगळं पान त्यालाच दिलंय. नावं छापलेली नाहीत, कोण आणि कुठून एवढंच दिलंय.

प्रश्न : किचनचं काम काढलंय. दुकानदार म्हणतो सिंकखाली प्लाय नको, डब्ल्यूपीसी घ्या, शेतातल्या कचऱ्यापासून बनतो, पर्यावरणाला चांगला आणि शंभर टक्के वॉटरप्रूफ. खरं आहे का हे? — गृहिणी, मुलुंड

ताई, एका दमात तो तीन गोष्टी बोललाय, त्या सुट्या करून बघूया. डब्ल्यूपीसी म्हणजे लाकूड आणि प्लास्टिकचं मिश्रण, लाकडाच्या जागी भाताचं तूस, बांबूचा भुसा, उसाचं चिपाड काहीही असू शकतं. पण आपल्याकडे दुकानात या नावाने जो पांढरट हलका बोर्ड दाखवतात तो बऱ्याचदा पीव्हीसीचा फोम बोर्ड असतो, त्यात लाकडाची किंवा तुसाची पावडर असली तर थोडी, नाहीतर अजिबात नाही. बोर्ड वाईट आहे असं मी म्हणत नाही, सिंकखाली तो खरंच टिकतो, वाळवी लागत नाही, फुगत नाही. फक्त शेतातला कचरा म्हणून जास्तीचे पैसे मागत असतील तर सरळ विचारा, तूस किती टक्के, प्लास्टिक कुठलं आणि त्यातलं वापरलेलं किती? कंपनीचा कागद दाखवायला सांगा, आणि कागद नसेल तर तो दावा तुमच्यापुरता नाहीच असं समजा.

घरच्या घरी कळायचा एक सोपा मार्ग आहे. दुकानातून कापलेला तुकडा आणा आणि बादलीत टाका. तूस आणि एचडी (जाड, कडक पॉलिइथिलीन) किंवा पीपी (पॉलिप्रॉपिलीन) प्लास्टिक मिळून केलेला भरीव बोर्ड पाण्यापेक्षा जड असतो, तो बुडतो. फोम बोर्ड तरंगतो. मग तोच तुकडा मोडून आत बघा, तुसाचे तपकिरी कण डोळ्यांना दिसतात की सगळं एकजीव पांढरं आहे. आणि बादलीत टाकायच्या आधी पट्टीने जाडी मोजून ठेवा, चोवीस तास बुडवून परत मोजा, कडेला बोट फिरवून बघा. कुठल्याही बोर्डाच्या वॉटरप्रूफपणाची परीक्षा त्याच्या कापलेल्या कडेवर होते, वरच्या चकचकीत पानावर नाही. खरा तुसाचा बोर्डसुद्धा कापलेल्या कडेतून थोडं पाणी पितो कारण तिथे तुसाचे कण उघडे पडतात, आणि आपल्याकडे चार महिने पावसाळी दमट हवा, त्यामुळे सुताराला सांगून प्रत्येक कड आणि नळासाठी पाडलेलं प्रत्येक भोक सील करून घ्याच.

अजून एक. स्वस्तातला बोर्ड म्हणून कोणी चिपाडाचा पार्टिकल बोर्ड दाखवला तर तो वेगळा प्रकार आहे, त्यात प्लास्टिक नसतं, चिपाडाचे कण गोंदाने, म्हणजे बहुतेक वेळा युरिया फॉर्मल्डिहाइडने चिकटवलेले असतात. कपाटाला, टीव्ही युनिटला चालतो, सिंकखाली नको, फुगतो. त्यावर आयएस 3087 (पार्टिकल बोर्डाचं भारतीय मानक) चा मार्क बघा आणि फॉर्मल्डिहाइडची ग्रेड विचारा, ई1 किंवा त्याहून कमी सोडणारी ई0. नवीन कपाट उघडलं की डोळे चुरचुरतात ते याच वायूमुळे, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2004 मध्येच फॉर्मल्डिहाइड माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत टाकलाय. घरात लहान मूल असेल तर इथे पैसे वाचवू नका.

प्रश्न : लालबागच्या चाळीत राहतो, पोटमाळा नवीन करायचाय. या बोर्डांची जमीन केली तर चालेल का? हलकं काम होईल असं वाटतंय. — वाचक, लालबाग

नाही. पोटमाळ्यावर माणसं झोपतात, ट्रंका असतात, पिंपं असतात. प्लास्टिक असलेला बोर्ड सततच्या वजनाखाली हळूहळू वाकत जातो, पहिल्या दिवशी काही दिसत नाही, दोन उन्हाळे गेले की पोट आलेलं दिसतं. आणि भरीव बोर्ड हलका पण नसतो, प्लायपेक्षा जड भरतो. वजन पेलायचं काम लोखंडी अँगल आणि चांगल्या जाड प्लायला द्या, हे बोर्ड पार्टिशनला, मागच्या आच्छादनाला, दाराच्या पॅनलला वापरा. पुस्तकांची फळी करायचीच असेल तर दीड-दोन फुटांवर खालून आधार हवा.

आगीचं पण सांगतो कारण तुम्ही विचारलं नाहीये आणि चाळीत तोच प्रश्न सगळ्यात मोठा. एचडी, पीपी हे जळणारं प्लास्टिक आहे, पेटलं की वितळून थेंब थेंब खाली पडतं. पीव्हीसी सहज पेटत नाही पण आगीत सापडलं की हायड्रोजन क्लोराइडचा झोंबणारा धूर सोडतं आणि अरुंद जिन्यात माणूस ज्वाळेच्या आधी धुराने पडतो. तुसात सिलिका भरपूर असते म्हणून हा बोर्ड फायरप्रूफ आहे असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. शेगडीच्या मागे, मीटरच्या पेटीजवळ, कॉमन पॅसेजमध्ये हे बोर्ड लावू नका.

प्रश्न : घाटकोपरला नोकरी करतो, शेती यवतमाळकडे. दरवर्षी कापूस झाला की पऱ्हाट्या जाळतात. इकडे मुंबईत प्लास्टिकचे डोंगर. दोन्ही एकत्र करून बोर्डाचा छोटा कारखाना टाकावा असं डोक्यात आहे. मुंबईतून प्लास्टिक नेता येईल. जमेल का? — वाचक, घाटकोपर

दादा, तुमचा मेल वाचून खूप बरं वाटलं आणि म्हणूनच जरा सविस्तर लिहितो, कारण यात उत्साहाने उतरलेल्यांचे पैसे बोर्ड न जमल्यामुळे जात नाहीत, माल गोळा करण्यात जातात.

पऱ्हाटीचा बोर्ड होतो, याबद्दल शंका नको. इथे मुंबईतच माटुंग्याला सिरकॉट ही कापूस तंत्रज्ञानाची केंद्रीय संशोधन संस्था आहे, 1924 पासूनची, त्यांनी पऱ्हाटीच्या पार्टिकल बोर्डावर बरंच काम केलेलं आहे आणि नागपूरला त्यांचं केंद्र पण आहे. पहिली भेट तिथे द्या. पऱ्हाटीची आतली रचना पानगळीच्या झाडाच्या लाकडाच्या बरीच जवळ असते, म्हणून ती गव्हाच्या काडापेक्षा बोर्डाला बरी. आणि आपल्याकडे हे काही परकं नाही, विदर्भात तुराट्या-पऱ्हाट्यांचे कूड आणि पालघरकडे कारवीच्या भिंती शेणमातीने लिंपून पिढ्यान् पिढ्या घरं उभी राहिलीत, तिथे चिकटवायचं काम शेणमाती करायची.

आता हिशोब. एका हेक्टरातून साधारण 2 ते 3 टन पऱ्हाटी निघते. रोज 10 टन माल खाणारा कारखाना, म्हणजे या धंद्यात लहानच, वर्षाला 300 दिवस चालवायचा तर 3000 टन लागणार, म्हणजे हजार ते दीड हजार हेक्टरवरची पऱ्हाटी. ती उपटून होते हिवाळ्याच्या शेवटी नाहीतर उन्हाळ्याच्या तोंडावर, त्या दोन-तीन महिन्यांत सगळी गोळा करायची आणि पुढे पावसाळ्यासकट वर्षभर कोरडी सांभाळायची. वर हा माल फुगीर, ट्रक काठोकाठ भरतो आणि काट्यावर वजन निघतं थोडंसं, पन्नास-साठ किलोमीटरवरून आणलात की डिझेलमध्येच व्यवहार आतबट्ट्याचा होतो. त्यामुळे पऱ्हाटी अख्खी वाहायचीच नाही, बांधावर ट्रॅक्टरच्या श्रेडरने बारीक करूनच उचलायची. शेतकऱ्याचा यात दुसरा फायदा पण आहे, गुलाबी बोंडअळी हंगाम संपल्यावर पऱ्हाटीवर राहिलेल्या बोंडांत लपून बसते, फरदड (वेचणीनंतरही झाड राखून घेतलेलं उशिराचं पीक) न घेता वेळेत उपटून बारीक केली तर पुढच्या वर्षीचा त्रास कमी होतो. हे सांगितलंत तर लोक माल देतील.

पण ती सगळी जाळतात असं धरून चालू नका. गावात फिरून बघा, किती घरांत चूल अजून पऱ्हाटीवर पेटते. भूमिहीन बाईच्या चुलीतलं जळण उचलून आपण त्याला पर्यावरण म्हणायचं, हे मला पटत नाही, तेवढा वाटा आधी बाजूला काढा. शिवाय 2021 मध्ये औष्णिक वीज केंद्रांना कोळशात बायोमास मिसळायचं धोरण आलं, तेव्हापासून पेलेटवाले, ब्रिकेटवाले (काडीकचरा दाबून जळणाच्या गोळ्या, विटा करणारे) पण याच मालाच्या मागे असतात. आज फुकट दिसणारी पऱ्हाटी तुम्ही मशीन बसवलं की विकत घ्यावी लागेल, प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये तिची किंमत शून्य धरू नका.

प्लास्टिक मुंबईतून नेऊ नका. तुमच्या तालुक्यातच आहे. ठिबकच्या जुन्या नळ्या आणि मल्चिंगचा पेपर (वाफ्यावर अंथरतात ती फिल्म) म्हणजे पॉलिइथिलीन, खताच्या विणलेल्या गोण्या म्हणजे पीपी. तुमच्या कामाला हीच दोन प्लास्टिकं सोयीची आणि कारण तापमानाचं आहे. पॉलिइथिलीन प्रकारानुसार 110 ते 130 अंशांच्या आसपास वितळतं, पीपी 165 च्या आसपास, आणि काडीकचरा 200 अंशांच्या पुढे करपायला लागतो, वास येतो, बोर्ड काळा आणि ठिसूळ होतो. म्हणजे मधल्या पट्ट्यात काम उरकायचं. पाण्याच्या बाटलीचं पीईटी 250 ला वितळतं, तोपर्यंत पऱ्हाटीचा कोळसा झालेला असतो, म्हणून बाटल्या कितीही स्वस्त मिळाल्या तरी नको. पीव्हीसी पाइपचा तुकडा चुकून आला तर गरम झाल्यावर आम्लाचा वायू सोडतो, माणसांचा घसा धरतो आणि मशीनचं लोखंड खातो.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसेन. कीटकनाशकाचे रिकामे डबे घेऊ नका. त्यात एचडी प्लास्टिकचे पुष्कळ असतात, माल म्हणून उत्तम दिसतात, ढिगाने मिळतील. पण त्यातलं औषध धुऊन पूर्ण जात नाही, आणि 2017 मध्ये फवारणीच्या विषबाधेने यवतमाळ जिल्ह्यात किती घरं उघड्यावर पडली ते तुम्हाला मी सांगायला नको. ते प्लास्टिक कोणाच्या पलंगाच्या पाठीला लागता कामा नये.

बनवायची पद्धत थोडक्यात. पऱ्हाटीचा चुरा आधी इतका वाळवायचा की ओल एक-दोन टक्क्यांच्या आत आली पाहिजे, नाहीतर प्लास्टिकमध्ये वाफेचे फुगे धरतात. मग चुरा आणि प्लास्टिक गरम करून एकत्र मळायचं, त्याच्या मशीनला एक्स्ट्रूडर म्हणतात, चकलीच्या सोऱ्यासारखं समजा, फक्त दांडा ढकलायच्या ऐवजी आत फिरणारे स्क्रू असतात. काडी पाण्याकडे ओढ घेणारी आणि प्लास्टिक पाणी झटकणारं, दोघांचं आपापसात जमत नाही, त्यासाठी मॅलेइक अ‍ॅनहायड्राइड जोडलेलं प्लास्टिक दोन-चार टक्के टाकतात, ते दोघांनाही धरून ठेवतं. हा खर्च वाचवला की बोर्ड पहिल्या पावसात कडेला सुटायला लागतो. आणि प्रेसचं गणित वेगळं आहे, गोंदाचा बोर्ड गरम प्रेसमध्ये घट्ट होतो आणि गरमच बाहेर काढता येतो, प्लास्टिकचा बोर्ड थंड झाल्यावर घट्ट होतो म्हणून तो दाबाखालीच थंड करावा लागतो, तेवढा वेळ प्रेस अडकून पडतो. मशीन विकणारा दिवसाला अमुक बोर्ड म्हणून आकडा सांगेल तेव्हा थंड करायचा वेळ धरलाय का ते विचारा.

माझं मत विचाराल तर पहिली दोन वर्षं बोर्ड बनवूच नका. श्रेडर घ्या, चिप्स करा, वाळवा, बोर्डवाल्यांना आणि ब्रिकेटवाल्यांना विका. माल गोळा करायची घडी बसली की मग प्रेसचं बघा. दरम्यान चंद्रपूरला सीपेट म्हणजे प्लास्टिक तंत्रज्ञानाची केंद्र सरकारची संस्था आहे, तिथे सॅम्पल, टेस्टिंग याची चौकशी करा, तुमच्या गावापासून मुंबईपेक्षा ते कितीतरी जवळ. प्रगती कळवत राहा, मनापासून सांगतो.

प्रश्न : मी नववीत आहे. सायन्स एक्झिबिशनला प्लास्टिकच्या पिशव्या गॅसवर वितळवून त्यात भुसा घालून टाइल बनवायची आहे. किती वेळ गरम करू? — विद्यार्थिनी, परळ

बाळा, गॅसवर अजिबात करू नकोस. गॅसवर तापमान हातात राहत नाही, पिशवी कुठल्या प्लास्टिकची आहे हे तुला कळणार नाही, धूर फुफ्फुसात जातो आणि वितळलेलं प्लास्टिक कातडीवर पडलं तर चिकटून भाजत राहतं. आईबाबा शेजारी उभे असले तरी नको.

तुझी कल्पना छान आहे, ती अशी कर. भाताचं तूस किंवा सुताराकडचा भुसा घे, फेव्हिकॉलमध्ये घट्ट कालव, डब्याच्या झाकणात प्लास्टिक अंथरून त्यावर दाब आणि वर वीट ठेवून चांगलं वाळू दे. गोंद कमी-जास्त करून तीन-चार टाइल बनव, मग प्रत्येक पाण्यात ठेवून किती फुगते ते मोज. आणि दुसरं, वेगवेगळ्या प्लास्टिकचे छोटे तुकडे पाण्याच्या बरणीत टाक. पॉलिइथिलीन आणि पीपी तरंगतील, बाटलीचं पीईटी आणि पीव्हीसी बुडतील. वस्तूच्या तळाला त्रिकोणात आकडा असतो, 1 पीईटी, 2 एचडी, 3 पीव्हीसी, 4 एलडी (एचडी आणि एलडी दोन्ही पॉलिइथिलीनच), 5 पीपी, त्याच्याशी ताडून बघ. धारावीत तेरा कंपाउंडला प्लास्टिक वेगळं करतात तिथेही टाकीत चुरा टाकून हीच युक्ती वापरतात, एक्झिबिशनला हे सांगशील तर परीक्षक ऐकत राहतील.

प्रश्न : आमच्या सोसायटीत सुका कचरा वेगळा करतो, पण वेफर्स, बिस्किटांची पाकिटं कोणी घेत नाही. त्यांचे बोर्ड होतात असं ऐकलं. कुठे द्यायची? आणि आम्ही एवढं वेगळं करून खरंच उपयोग होतो का? — सोसायटी सेक्रेटरी, बोरिवली

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, सगळा उपयोग तिथेच आहे. मशीन कितीही भारी आणा, बोर्ड चांगला होणार की वाईट हे ज्या क्षणी कोणीतरी हाताने पिशवी एका बाजूला आणि पाइपचा तुकडा दुसऱ्या बाजूला टाकतं तेव्हाच ठरतं. मुंबईत हे काम बहुतेक बायका करतात. प्लास्टिक हातात घेतात, वाकवतात, चुरगाळून आवाज ऐकतात आणि पीपी की पीईटी ते बघता बघता सांगतात, ना मशीन ना आकडा बघायची गरज. हे कसब आहे आणि त्याचा मोबदला त्यांना फार कमी मिळतो. तुमच्या पाकिटात उरलेली चटणी, वरणाचं पाणी असेल तर तो माल त्यांच्या हातात कुजलेला पोचतो, भाव जातो, बऱ्याचदा सगळं पोतंच कांजूरच्या डंपिंग ग्राउंडला जातं. म्हणून पाकीट झटकून कोरडं द्या, दुधाची पिशवी एकदा विसळून वाळवा, कोपरा कापताना तुकडा पूर्ण तोडू नका, तो छोटा तुकडा कोणालाच वेचता येत नाही.

आता वेफर्सचं पाकीट. ते एकावर एक चिकटवलेले वेगवेगळे थर असतात, सुटे करता येत नाहीत, म्हणून जुनं प्लास्टिक वितळवून त्याचा दाणा बनवणारे घेत नाहीत. पण बारीक कापून गरम प्रेसमध्ये दाबलं तर त्यातला लवकर वितळणारा थर बाकीच्यांना धरतो आणि पत्रे, बाक, बोर्ड होतात. दूध-ज्यूसच्या टेट्रा पॅकचंही तसंच, त्यात साधारण 75 टक्के कागद, 20 टक्के पॉलिइथिलीन आणि 5 टक्के अ‍ॅल्युमिनियम, कागदाचा लगदा काढून घेतला की उरलेल्या प्लास्टिक-अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे दाबतात, शाळेचे बाकसुद्धा यातून बनलेत. एकट्या सोसायटीची पाकिटं कोणी न्यायला येणार नाही, वजनच भरत नाही, आजूबाजूच्या पाच-सहा सोसायट्या मिळून महिन्याला एकदा साठा द्या. 1975 पासून काम करणाऱ्या स्त्री मुक्ती संघटनेचा परिसर विकास म्हणून कचरावेचक बायकांसोबतचा कार्यक्रम आहे, अशा ठिकाणी बोला, आणि बायकांना बसून काम करायला सावली, पाणी आणि संडास सोसायटीने द्यायचा, हे ठरावातच लिहा.

प्रश्न : फर्निचरचं काम करतो. हे बोर्ड कापताना ब्लेड लगेच बोथट होतं आणि कडेला स्क्रू मारला की बोर्ड फाटतो. काय करायचं? — कारागीर, विक्रोळी

दादा, ब्लेडचा दोष नाही. तुसात 15 ते 20 टक्के सिलिका असते, ती पातं घासते. साधं ब्लेड बाजूला ठेवा, कार्बाइडच्या टिपवालं वापरा, आणि स्पीड फार ठेवलात तर प्लास्टिक वितळून दातांना चिकटतं, मधे मधे थांबा. स्क्रू मारायच्या आधी बारीक ड्रिलने भोक पाडाच, शक्यतो बोर्डाच्या सपाट बाजूतून मारा, कडेला मारायचाच असेल तर कोपऱ्यापासून दोन बोटं आत. बिजागरी जरा दणकट घ्या कारण दार जड होतं. टेरेसवर किंवा बाल्कनीत लावत असाल तर दोन बोर्डांमध्ये फट सोडा, प्लास्टिक उन्हात लाकडापेक्षा जास्त फुगतं, फट नसेल तर मे महिन्यात मधून उचललं जातं.

मास्क लावा, रुमाल नाही, नीट मास्क. आणि कापल्यावर पडलेला भुसा पाणी मारून मोरीत लोटू नका, त्यात प्लास्टिकचे बारीक कण असतात, गटारातून ते नाल्यात आणि तिथून खाडीत जातात. झाडून पोत्यात भरा, मोठे तुकडे वेगळे. काही बोर्डवाले स्वच्छ तुकडे परत घेतात, माल आणायला जाल तेव्हा विचारून ठेवा.